चारही पाय हवेत

शेजारच्या सफारी जिप्सीतल्या माणसाने दाराच्या पत्र्यावर दोनदा थाप मारली आणि समोरचं अख्खं कुरण उधळलं. मध्य प्रदेशातल्या कान्हा राष्ट्रीय उद्यानातली डिसेंबरची सकाळ होती. धुकं नुकतंच विरळ व्हायला लागलं होतं, गवताच्या टोकांवर दव होतं आणि चितळांचा मोठा कळप माना खाली घालून चरत होता. इंजिन बंद असलं की चरण्याचा तो आवाज, ओलं गवत दातांनी तुटल्याचा, अगदी जवळून ऐकू येतो. थाप पडली तशा सगळ्या माना एकदम वर आल्या. एका मादीने पुढचा पाय जमिनीवर आपटला, तीक्ष्ण हाक दिली आणि कळप चहूकडे फुटला. पलीकडून शटरचा सलग कडकडाट आला, आणि चार-पाच सेकंदांत मैदानावर फक्त तुडवलेलं गवत उरलं. आमचा गाईड त्या जिप्सीच्या ड्रायव्हरला काहीतरी तोडून बोलला. तो ड्रायव्हर खाली बघत राहिला. ज्यांनी थाप मारली होती ते गृहस्थ तोवर कॅमेऱ्याच्या पडद्यावर फोटो मागे-पुढे करून बघण्यात बुडाले होते.

तासाभराने नाश्त्याच्या थांब्यावर सगळ्या गाड्या एकत्र आल्या. त्या गृहस्थांनी कौतुकाने तो फोटो सगळ्यांना दाखवला, मलाही. शिंगं मागे झुकलेला एक नर, चारही पाय हवेत, खुरांखालून उडालेले दवाचे थेंब मागून आलेल्या उन्हाने उजळलेले, पाठीवरचा एकेक ठिपका मोजता यावा इतका स्पष्ट. मी 'सुंदर आहे' म्हणाले, आणि ते खरंच होतं. त्यात आणखी एक गोष्ट होती. त्या सकाळी बाकीच्या बहुतेक गाड्या वाघामागे धावत होत्या. चितळांचा कळप दिसला तरी कुणी वेगसुद्धा कमी करत नव्हतं. हा माणूस मात्र चितळांसाठी थांबला होता. अर्धा तास एका जागी बसून होता. हरणाकडे बघावं, त्यासाठी थांबावं असं ज्यांना वाटतं ते लोक मुळात थोडे. त्यातल्याच एकाचा हात दारावर पडला होता, म्हणून मला त्याच्यावर नीट रागावताही येईना.

फोटो वाईट असता तर ते दोन ठोके मी केव्हाच विसरले असते.

परतीच्या वाटेवर आणि नंतर घरी आल्यावरही तो फोटो डोळ्यांपुढून हलत नव्हता. ठोके फोटोत ऐकू येत नाहीत, हे खरं. पण चितळाकडे पुरेसा वेळ बघितलेल्या माणसाला ते दिसतात. शांतपणे चरणाऱ्या चितळाची शेपटी खाली असते, अधूनमधून माश्या वारायला हलते. धोक्याची शंका आली की ती वर जाते आणि खालची पांढरी बाजू उघडी पडते. मागच्या जनावराला ती लांबूनही दिसते. त्या फोटोत फ्रेममधली प्रत्येक शेपटी वर होती. नराचा एक कान मागे वळलेला होता, म्हणजे आमच्या गाड्यांकडे. डोळ्याच्या कडेचा पांढरा भाग दिसत होता. हरिण पळतं तेव्हा ते कशापासून पळतं आहे हे त्याच्या अंगावर लिहिलेलं असतं. त्या फोटोत चौकटीबाहेर उभे असलेले आम्ही सगळे होतो.

पळणाऱ्या हरणाच्या फोटोचं आकर्षण मला कळतं, कारण मलाही ते आहे. डोळ्याला न दिसणारं काहीतरी कॅमेरा दाखवतो, हे त्यामागचं जुनं सुख. १८७८ साली कॅलिफोर्नियातल्या पालो आल्टोला एडवर्ड मायब्रिजने धावपट्टीच्या कडेने कॅमेरे ओळीने मांडले आणि दौडणाऱ्या घोड्याचे चारही पाय एका क्षणी जमीन सोडतात हे दाखवून दिलं. चित्रकार तोवर घोडा पुढचे पाय पुढे आणि मागचे मागे ताणलेला काढायचे. मायब्रिजच्या फोटोंत मात्र पाय सुटतात तेव्हा ते पोटाखाली गोळा झालेले होते. हरणाचं वेगळं. त्याच्या उडीत शरीर पूर्ण ताणलेलं असतानाही जमीन सुटलेली असते, म्हणून तर ती उडी इतकी देखणी दिसते. ती गोठवायची तर शटरचा वेग १/२००० सेकंद लागतो. हिवाळ्यातल्या सकाळी गेट उघडल्यानंतरच्या पहिल्या तासात उजेड एवढा कमी असतो की त्या वेगासाठी आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपायची क्षमता, ३२०० किंवा ६४०० पर्यंत चढवावा लागतो आणि फोटोत दाणे येतात. लांब लेन्स जिप्सीच्या कठड्यावर बीनबॅगवर टेकवलेली असते. मागच्या सीटवरच्या माणसाने नुसता पाय बदलला तरी चौकट हलते. त्यात आपलं बोट. डोळ्याने पाहून बोटाने दाबेपर्यंत सेकंदाचा चौथा-पाचवा भाग जातोच, आणि तेवढ्यात उडीचा सगळ्यात उंच बिंदू सरलेला असतो. म्हणून उडी दिसल्यावर बटण दाबून चालत नाही, ती यायच्या आधी कळावी लागते. मागच्या पायांवर भार सरकतो, मान किंचित खाली जाते, कान एका दिशेला पक्के होतात. हे ओळखायला शिकताना मी चितळांकडे जेवढं बघितलं तेवढं एरवी कधीच बघितलं नसतं. आताच्या नव्या कॅमेऱ्यांत बटण दाबण्याआधीच्या अर्ध्या-एक सेकंदातल्या फ्रेम्सही साठवण्याची सोय असते. मी ती वापरते. पण मागच्या पायांवर सरकणारा तो भार अजूनही आधी माझ्या डोळ्यांनाच दिसला तर मला जास्त आनंद होतो.

हरणाला दचकवून त्याचा फोटो काढणं ही काही आजची गोष्ट नाही. जॉर्ज शिरास नावाच्या अमेरिकन वकिलाने एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी मिशिगनमधल्या एका तळ्यावर रात्रीच्या अंधारात हरणांचे फोटो काढले. पद्धत त्याने शिकाऱ्यांकडून उचलली होती. नावेच्या नाळेवर दिवा ठेवायचा, वल्ही आवाज न करता मारायची, काठावरचं हरिण उजेडाकडे टक लावून उभं राहतं, त्याचे डोळे चमकतात, मग त्या दोन ठिणग्यांच्या मध्ये नेम धरायचा. शिरासने बंदुकीच्या जागी कॅमेरा आणि मॅग्नेशियमच्या पुडीचा भडका आणला. जुलै १९०६ मध्ये 'नॅशनल जिऑग्राफिक'ने त्याचे ७४ फोटो छापले, आणि रात्रीचं रान लोकांनी प्रथमच तसं पाहिलं. त्याच्या गाजलेल्या फोटोंत काळोखातून झेप घेणारी हरणं आहेत. विलक्षण फोटो आहेत ते. अंगावर काटा येतो. आणि ती झेप त्या भडक्यामुळे होती. याच शिरासने अमेरिकेच्या काँग्रेसमध्ये असताना १९०४ साली स्थलांतर करणाऱ्या पक्ष्यांना संरक्षण देणारं विधेयक मांडलं होतं. त्याचं जनावरांवर प्रेम नव्हतं असं म्हणायची माझी मुळीच तयारी नाही. बंदूक खाली ठेवणं हेच त्या काळात मोठं पाऊल होतं. पण शिकारीची जी चाल कॅमेऱ्याबरोबर आपल्याकडे आली, ती अजून आपल्या हातात आहे, आणि अधूनमधून पत्र्यावर थाप होऊन बाहेर पडते. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने अभयारण्यात प्राण्यांना छेडायला मनाई केली आहे. वाघाच्या बाबतीत ती सगळ्यांना आठवते. चितळासाठी ती आठवणारा त्या दिवशी आमचा गाईड एकटाच होता.

खरं तर आपली सगळी सफारीच हरणाच्या भीतीवर चालते. सकाळी एखाद्या वळणावर इंजिन बंद करून सगळे गप्प बसतात, आणि ज्याची वाट बघतात तो असतो चितळाचा कॉल, धोक्याची हाक. सांबराचा आला तर आणखी उत्तम, कारण सांबर सहसा उगाच ओरडत नाही. कॉल आला की गाडीत चैतन्य येतं. डोळे लकाकतात, ड्रायव्हर चावी फिरवतो. एखादं जनावर जिवाच्या भीतीने ओरडतं आहे आणि आपल्या अंगात आनंद भरतो आहे, हे दोन्ही मी एकाच वेळी माझ्या आत अनुभवलं आहे आणि पुढच्या वेळीही अनुभवेन. वाघ दिसावा असं मलाही वाटतं. फक्त ओरडणाऱ्या चितळाकडे पाठ फिरवून गाडी निघते तेव्हा हल्ली मी वळून त्याच्याकडे बघते. ते तिथेच उभं असतं, जाळीकडे तोंड करून, पाय आपटत. पळत नाही. वाघ दिसतो आहे तोवर चितळ बहुधा पळत नाही. तू मला दिसलास हे त्याला सांगत राहतं. दबा फसलेला वाघ मग बऱ्याचदा निघून जातो. त्या उभ्या राहण्यात केवढी धिटाई आहे, आणि फोटोत ती किती साधी दिसते.

जिवावर बेतलेलं पळणं मी पाहिलं आहे. रानकुत्री मागे लागलेली चितळाची मादी. तिच्या पळण्यात त्या फोटोतली झेप नव्हती. अंग जमिनीलगत, मान पुढे ताणलेली, कान मागे चिकटलेले, एकही पाऊल वाया न घालवणारी धाव होती ती. त्या उंच, कमानदार उड्या पहिल्या दचकण्यातल्या असतात. मागे खरोखर मृत्यू लागला की सौंदर्यासाठी शिल्लक काही उरत नाही. ती मादी सालाच्या झाडांत शिरली, मागोमाग कुत्री शिरली. मला एकही फोटो मिळाला नाही आणि मिळावा असं वाटलंही नाही.

मग हरणाची हालचाल टिपायची म्हणजे काय टिपायचं, असा प्रश्न मला त्या डिसेंबरनंतर पडायला लागला. उत्तर शोधायला फार लांब जावं लागलं नाही. झाडावर वानरं चरत असतात, अर्धी फळं, कोवळी पानं खाली टाकतात आणि खाली चितळं जमतात. त्यातलं एखादं दोन पायांवर उभं राहून फांदीपर्यंत तोंड नेतं. गळ्याखालचा पांढरा भाग तेव्हा पूर्ण उघडा दिसतो, पोटाचे स्नायू ताणलेले असतात आणि पुढचे पाय छातीशी दुमडलेले. दोन माद्या कशावरून तरी बिनसून मागच्या पायांवर उभ्या राहतात आणि पुढच्या खुरांनी एकमेकींना फटकारतात. हे दोन सेकंदांत संपतं, आणि त्या लगेच शेजारी शेजारी चरायला लागतात. शिंगांवर मखमल असलेला नर डोकं फार जपून वळवतो, कारण आतली शिंगं अजून कोवळी असतात आणि त्यांत रक्त खेळत असतं. पाठीवर बसलेल्या मैनेने कानात चोच घातली की सांबर डोळे मिटून घेतं. या सगळ्या हालचाली हरणांच्या स्वतःच्या आहेत, आपण तिथे नसतो तरी त्या झाल्याच असत्या.

आणि मग बारशिंगा या मोठ्या, फांद्याफांद्यांच्या शिंगांच्या हरणाचा माज, म्हणजे त्यांचा मीलनाचा काळ. त्यासाठीच मी हिवाळ्यात कान्हाला जाते. डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीपर्यंत कान्हाच्या मुक्की गेटच्या बाजूच्या मैदानांवर नर एकमेकांना आव्हान देत असतात. आधी आवाज येतो. धुकं इतकं दाट असतं की बॉनेटपलीकडचं दिसत नाही, आणि त्या पांढऱ्यातून कुठून तरी एक खोल आरोळी चढत येते, तुटते, पुन्हा येते. दुसऱ्या दिशेने दुसरी उत्तर देते. बोटं गारठलेली असतात, लेन्सच्या काचेवर ओल धरते, आणि डोळ्यांना काहीही दिसत नसताना मैदान किती मोठं आहे, कोण कुठे उभं आहे याचा नकाशा नुसत्या कानांनी तयार होतो. मग धुक्यात एक काळपट ठिपका दाट होत जातो. माजावरच्या नराचं अंग हिवाळ्यात गडद तपकिरी होतं, मानेवरची आयाळ दाट होते, आणि चिखलात लोळून आल्यामुळे तो आणखी काळा दिसतो. शिंगांवर गवत असतं. शिंगं गवतात घुसळून, उपटून, तो ते डोक्यावर चढवतो. गवताचा भारा डोक्यावर घेऊन संध्याकाळी घराकडे निघालेल्या बाईसारखा तो धुक्यातून येतो, संथ आणि सरळ मानेने. कॅमेरा इथे फसतो. भोवतालच्या पांढऱ्या धुक्याला भुलून तो सगळं काळवंडून टाकतो, म्हणून एक्स्पोजर मुद्दाम वर चढवावं लागतं, आणि तसं केलं की त्या नराच्या काळ्या अंगातले चिखलाचे थर, ओले केस, तोंडातून निघणारी वाफ, सगळं हळूहळू वर येतं.

दोन तोडीचे नर समोरासमोर आले की लगेच भिडत नाहीत. आधी शेजारी शेजारी चालतात, थोडं अंतर ठेवून, एकमेकांना आपली पूर्ण बाजू दाखवत. ताठ मान, आखडलेली पावलं, डोळे तिरके. कधी कधी हे चालणं बराच वेळ चालतं आणि दोघांतला एक नुसताच बाजूला होतो. तेवढ्यावर निर्णय झालेला असतो. बघणाऱ्याला वाटतं काहीच घडलं नाही. मी एकदा असाच निःश्वास टाकून कॅमेरा खाली ठेवायला लागले तेव्हा गाईड पुढच्या सीटवरून हळूच म्हणाला, "मैडम, रुकिए. ये वाला मानेगा नहीं." खरंच, पलीकडे गेलेला तरुण नर थांबला, वळला, मान खाली घातली. शिंगं भिडली तो आवाज कोरडा, लाकडाचा होता. नंतर ढकलाढकली. मागचे खूर ओल्या मातीत रुतत होते, मानेचे पट्टे फुगत होते, एकमेकांत अडकलेली शिंगं सोडवण्यासाठी दोघं मिळून अर्धवर्तुळात फिरत होते. फार तर अर्धं मिनिट. सेकंदाला वीस फ्रेम्सच्या वेगाने मी सहाशेच्या आसपास फोटो काढले असतील. त्यातले ठेवण्याजोगे चार निघाले, आणि चारांतल्या तिघांत नरांच्या तोंडावरून गवताची पाती आडवी गेली होती.

ती पाती.

गवत हा हरणाचे फोटो काढणाऱ्यांचा नेहमीचा वैरी. फोकस डोळ्यावर धरावा तर पुढची काडी त्याला ओढून घेते. नर सुंदर उभा राहतो आणि नेमका गुडघ्यापर्यंत, कधी पोटापर्यंत झाकलेला असतो. म्हणून आम्हाला आवडतात ती जळालेली किंवा कापलेली, चरून खुरटलेली मैदानं, जिथे खूरसुद्धा स्वच्छ दिसतात. बारशिंग्याचं नेमकं उलट. तो जवळपास निव्वळ गवतावर जगतो, आणि त्याला गवत नुसतं खायला नको असतं, लपायलाही हवं असतं. सप्टेंबर-ऑक्टोबरात मादी उंच गवतात पाडसाला जन्म देते आणि पहिले काही आठवडे पाडूस त्यात दडून राहतं. हिमालयाच्या पायथ्याच्या तराईतल्या दलदलीतला बारशिंगा पसरट खुरांचा असतो. कान्हाच्या या जातीने कडक जमिनीवर चालायचे बळकट, मिटलेले खूर कमावले. पण उंच गवत मात्र तिलाही सुटलं नाही. ते गवत गेलं तेव्हा जनावरही गेलं. शिकार होती, गुरांची चराई होती, दरवर्षीच्या आगी होत्या, शेती होती. एकेकाळी मध्य भारतात सर्वदूर असणारी ही जात १९७० साली कान्हात अवघी ६६ उरली होती, आणि कान्हाबाहेर तर ती संपलेलीच होती. जगात सहासष्ट. मी एका सकाळी एका मैदानावर त्याहून जास्त बारशिंगे पाहिले आहेत, आणि मोजता मोजता मध्येच थांबले, कारण तो आकडा आठवला.

तिथून ते परत आले ते माणसांनी केलेल्या अगदी साध्या, चिकट कामांमुळे. वाघ शिरू शकणार नाही असं कुंपण घालून आत काही जनावरं वाढवली, आगी आवरल्या, पाण्याच्या जागा केल्या, आणि गवत उंच होऊ दिलं. आज त्यांची संख्या हजाराच्या घरात आहे. कान्हातून काही बारशिंगे २०१५ पासून सातपुड्यात आणि २०२३ मध्ये बांधवगडला नेले, म्हणजे एखादी साथ आली तरी सगळे एकाच ठिकाणी सापडू नयेत. या यशाच्या कथेत एक वाक्य मात्र मला कधी पटकन वाचून पुढे जाता येत नाही. कान्हातली ही मैदानं बरीचशी जुन्या गावांच्या शेतांवर उगवलेली आहेत. सौंफचं मैदान, जिथे मी तासन् तास बसते, तिथे साठच्या दशकाच्या शेवटापर्यंत सौंफ नावाचं गाव होतं. गोंड आणि बैगा माणसांची गावं उठली, नांगर थांबले, गवत आलं, गवतामागून बारशिंगे आले. आमच्या गाईडचे आजोबा अशाच एका उठलेल्या गावातले. तो त्याबद्दल फारसं बोलत नाही. एकदा गाडी थांबलेली असताना मैदानाच्या एका कडेकडे हात करून एवढंच म्हणाला, "उधर हमारा कोदो होता था." कोदो म्हणजे तिथलं भरडधान्य. मी तिकडे बघितलं. तिथे एक मादी चरत होती. मला तिचा फोटो काढावासा वाटला आणि त्याच वेळी काढू नयेसाही वाटला. शेवटी काढला. तो माझ्याकडे आहे. त्यात काय काय आहे हे मी दरवेळी कुणाला समजावून सांगत नाही, पण मला ते सगळं दिसतं.

या गाईडकडून मी दुसरी एक गोष्ट शिकले. तो गाडी कधी कळपाच्या समोर लावत नाही. वारा बघतो, कळप चरत कुठल्या दिशेने सरकतो आहे ते बघतो, आणि बरंच पुढे, एका कडेला गाडी उभी करून इंजिन बंद करतो. मग काहीच करायचं नसतं. पाऊण तास कधी नुसती पाठमोरी हरणं दिसतात. कान हलतात, शेपट्या हलतात, शेजारच्या गाड्या येतात, 'यहाँ कुछ नहीं है' म्हणून निघून जातात. आणि कळप आपल्या आपण, आपल्या गतीने, चरत चरत आमच्या अगदी जवळून निघून जातो. कुणी मान वर करून बघतं, पुन्हा खाली घालतं. एकही शेपटी वर जात नाही. त्या वेळी मिळालेल्या फोटोंत धाव नसते, उडी नसते. पण माजावरच्या नराला या दिवसांत चरायला फार थोडा वेळ मिळतो, तो अंगातली चरबी जाळत जगत असतो. त्याची एक धावही माझ्या खात्यावर पडलेली नाही याचं मला मोठं समाधान असतं. त्या थाप मारणाऱ्या गृहस्थांना मी हे नाश्त्याच्या वेळी सांगायला हवं होतं का, यावर मी पुष्कळ विचार केला. एवढ्या माणसांसमोर सांगितलं असतं तर ते दुखावले असते आणि काहीच शिकले नसते. शेजारी बसवून शेपटीकडे बोट दाखवायची संधी मिळाली असती, तर कदाचित.

वेग दाखवायला झेपच गोठवावी लागते असंही नाही, हेही याच मैदानावर कळलं. उजेड उतरला की शटर १/३० पर्यंत खाली आणायचं आणि चालणाऱ्या नराबरोबर लेन्स त्याच गतीने फिरवत न्यायची. बहुतेक फोटो वाया जातात. पण एखाद्यात डोळा आणि शिंगाचा बुंधा तेवढा स्थिर राहतो आणि पाय, गवत, मागची सालाची रांग यांचे लांब पट्टे होतात. त्यात पातीही येतात, पण आता ती आड येत नाहीत, चालीचाच भाग होतात. झुंजीच्या त्या चार फोटोंपैकी मी घरी लावला आहे तो पाती आडवी असलेलाच. हल्लीच्या सॉफ्टवेअरमध्ये ती पाती एका क्लिकमध्ये पुसता येतात, मागची जागा आपोआप भरली जाते, आणि मित्रमंडळी तसं सुचवतातही. मी करून पाहिलं. दोन नर एकदम मोकळ्या जागेत, जणू कुणी आणून उभे केल्यासारखे दिसायला लागले. मी पाती परत आणली.

येत्या नोव्हेंबरात मला जायचं आहे ते पाडसांसाठी. दोनेक महिन्यांची पाडसं तोवर कळपात मिसळलेली असतात. दिवस कलला की त्यातलं एखादं अचानक पळायला लागतं. मागे कुणी नसतं. ते गवतात शिरतं, दुसऱ्या बाजूने बाहेर येतं, वळतं, पुन्हा शिरतं. मग आणखी दोघं-तिघं त्याच्यामागे लागतात, आणि आई मान वर न करता चरत राहते. शेपट्या वर असल्या तरी त्या वेळी त्यांचा अर्थ निराळा असतो. चारही पाय हवेत असलेली खरी उडी मी पाहिली आहे ती तिथे, आणि तिचा एकही नीट फोटो माझ्याकडे नाही, कारण नोव्हेंबरात गवत पुरुषभर असतं आणि उडीच्या टोकाशी नुसते दोन कान वर दिसतात. गाईडला फोन केला तेव्हा तो म्हणाला, "मैडम, नवंबर में घास में कुछ नहीं दिखेगा. फरवरी में आइए, सब साफ मिलेगा." मी त्याला नोव्हेंबरच्याच तारखा सांगितल्या, आणि सकाळच्यापेक्षा संध्याकाळच्या फेऱ्या जास्त घ्यायला सांगितल्या.